एकमेकांची मुलं सांभाळण्याचा तास-गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीतली, एका गल्लीतली किंवा एकाच बालवाडीतली कुटुंबं पैसे न देता-घेता, तासांच्या हिशोबावर एकमेकांची मुलं सांभाळतात, अशा गटांसाठी ही माहिती आहे. हिशोब सगळ्यांना लवकर जमतो. मूल कुणाच्या हाती, कुठल्या घरात आणि कुठल्या अटींवर सोपवायचं यावर मात्र पुरेसं बोलणं होत नाही, म्हणून इथे त्यावर जास्त लिहिलं आहे.

हे नेमकं कसं चालतं?

तुम्ही शेजारच्या कुटुंबाचं मूल दोन तास सांभाळलंत की तुमच्या खात्यात दोन तास जमा होतात आणि त्यांच्या खात्यातून तेवढेच वजा होतात. हे तास तुम्ही गटातल्या कुठल्याही घराकडे वापरू शकता, ज्यांना मदत केली त्यांच्याकडूनच परतफेड हवी असं नाही. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ मध्ये ओसाकात याच तत्त्वावर स्वयंसेवी श्रमांची बँक उभी केली. अमेरिकेत एडगर कान यांनी १९८० च्या दशकात टाइम बँकेची कल्पना रुजवली. दोन्हींत एका माणसाचा एक तास दुसऱ्याच्या एका तासाइतकाच मोलाचा धरला जातो. डॉक्टरचा तास महाग आणि गृहिणीचा स्वस्त, असं इथे नसतं.

जवळ पाळणाघर असताना याची गरज काय?

रोज नऊ तास मूल ठेवायचं असेल तर पाळणाघरच योग्य, तास-गट तो भार पेलू शकत नाही. गट कामी येतो तो अधूनमधूनच्या गरजेला: दाताच्या डॉक्टरची वेळ, मोठ्याची पालकसभा, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं आहे, शाळेला अचानक सुट्टी पडली, किंवा दोघांना एक संध्याकाळ हवी आहे. आठवड्याला चार-पाच तासांच्या पुढे एकाच कुटुंबाची मागणी जाऊ लागली की गट दमतो.

किती कुटुंबं असावीत?

सुरुवातीला ६ ते ८, पुढे १५ ते २०. सहाच्या खाली गेलात तर ऐनवेळी कुणीच मोकळं सापडत नाही. विसाच्या वर गेल्यावर सगळे एकमेकांना ओळखेनासे होतात, तेव्हा दोन गट करा. घरं चालत दहा मिनिटांच्या आत असलेली बरी. एकाच वयाची मुलं असलेली कुटुंबंच जमवलीत तर सगळ्यांना एकाच वेळी मदत लागते, म्हणून वयं मिसळलेली असू द्या.

आम्ही सगळे वर्षानुवर्षांचे शेजारी. मग पडताळणी कशाला?

ओळख आणि पडताळणी या वेगळ्या गोष्टी आहेत. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांत बहुसंख्य आरोपी मुलाच्या ओळखीतलेच असतात: नातेवाईक, शेजारी, घरी येणारे-जाणारे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांतून हे दरवर्षी दिसतं. त्यामुळे ‘ते किती चांगले आहेत’ हे उत्तर पुरत नाही. पडताळणी एखाद्यालाच लावली तर तो संशय ठरतो. सगळ्यांना, म्हणजे गट सुरू करणाऱ्यांनाही, सारखीच लावली तर तो नियम होतो आणि कुणाचा मान जात नाही.

पडताळणीत काय काय करायचं?

या क्रमाने करा. आधी कुटुंबातल्या कोणत्या प्रौढ व्यक्ती प्रत्यक्ष सांभाळणार त्यांची नावं लिहून घ्या. त्या प्रत्येकाचं ओळखपत्र गटातल्या पडताळणी करणाऱ्या दोघांनी मूळ स्वरूपात बघायचं. छायाप्रत गोळा करून ठेवू नका, ‘पाहिलं’ एवढी तारखेसह नोंद पुरे. मग गटाबाहेरच्या दोन माणसांशी फोनवर बोला, त्यातला एक त्यांच्या मुलांना ओळखणारा असावा: शिक्षिका, आधीच्या घराचे शेजारी, पाळणाघराच्या ताई. ‘माणूस कसा आहे?’ असं विचारलंत तर सगळे ‘छान’ म्हणतात. ‘तुम्ही तुमचं मूल त्यांच्याकडे एकटं ठेवलं आहे का? पुन्हा ठेवाल का?’ असं विचारा आणि उत्तराआधी किती थांबतात तेही ऐका.

सांभाळणाऱ्या प्रत्येकाने महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र स्वतः काढावं. शेवटी दोघांनी घर बघून यावं. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

पोलिसांचं प्रमाणपत्र आलं म्हणजे निश्चिंत?

नाही. गुन्ह्याची नोंद झालेली नाही, एवढंच ते सांगतं. मुलांबाबतच्या कितीतरी तक्रारी पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलीस यंत्रणेला पाहता येते, तुम्हाला-आम्हाला नाही. म्हणून प्रमाणपत्र ही एक पायरी समजा, खरा भर पुढच्या नियमांवर ठेवा.

‘घरात आणखी कोण असतं?’ हे विचारणं वाईट दिसतं.

अर्जातच तो रकाना ठेवा, म्हणजे तोंडाने विचारावं लागत नाही. सांभाळणारी काकू विश्वासू असते, पण त्या दुपारी तिच्याकडे दीर राहायला आलेला असतो, वरच्या खोलीत भाडेकरू असतो, टीव्ही दुरुस्तीवाला येणार असतो. पालकाला हे आधी कळलं पाहिजे. पाहुणे असतील तर फोनवर तेवढं सांगायचं आणि पालकाने ‘आज राहू दे’ म्हटलं तर त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

दुसरा नियम याहून जास्त मोडला जातो: सांभाळायचं ते नाव लिहून दिलेल्या माणसानेच. मूल घरकामाच्या मावशींवर किंवा ड्रायव्हरवर सोपवून बाजारात जायचं नाही. तास कुटुंबाच्या खात्यात पडतात हे खरं, पण विश्वास ठेवलेला असतो एका व्यक्तीवर.

घर बघताना काय तपासायचं?

जमिनीवर बसून, मुलाच्या उंचीवरून बघा.

न्हाणीघरापासून सुरुवात करा. भरलेली बादली आणि उघडं पिंप हा आपल्याकडचा मोठा धोका आहे. नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत डोकावताना तोल जाऊन डोक्यावर पडतं, त्याला बाहेर निघता येत नाही आणि त्याचा आवाजही होत नाही. काही सेंटिमीटर पाणीसुद्धा बुडायला पुरतं. मूल घरात असेपर्यंत बादल्या पालथ्या, पिंपावर घट्ट झाकण आणि न्हाणीघराला बाहेरून कडी.

बाल्कनी आणि खिडक्या: ग्रिलच्या गजांतलं अंतर १० सेंटिमीटरहून कमी हवं. ग्रिलजवळ खुर्ची, कुंडी, जुन्या पेपरांचा गठ्ठा असं चढता येण्याजोगं काही नको. गच्चीच्या दाराला कुलूप.

स्वयंपाकघरात कुकर आणि कढई मागच्या शेगडीवर, दांडा आत वळवलेला. चहाचा कप घेऊन मूल मांडीवर घ्यायचं नाही. फिनेल, ॲसिड, डांबराच्या गोळ्या, डास पळवणाऱ्या द्रवाची बाटली, आजीच्या बीपीच्या गोळ्या, रिमोटमधले चपटे गोल सेल हे सगळं कडीबंद कपाटात, वर. फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा.

लिफ्टला जाळीचा दरवाजा असेल तर मूल कडेवर घेऊनच चढायचं. घरात कुत्रा असेल तर तो आणि मूल एका खोलीत एकटे राहणार नाहीत एवढं ठरवा.

काही उणीव सापडली तर त्या घराला नकार देऊ नका. यादी द्या, आठवड्याने पुन्हा जा.

पहिल्यांदा मूल ठेवताना काय करावं?

तीन टप्पे घ्या. पहिल्या भेटीत आई किंवा बाबा तासभर त्याच घरात बसतात आणि मूल खेळतं. दुसऱ्या वेळी पालक अर्ध्या तासासाठी खाली बागेत किंवा आपल्या घरी, फोन हातात. तिसऱ्या वेळी दोन तास बाहेर. तीनपेक्षा लहान मुलांना दुसरा टप्पा दोनदा लागू शकतो. या भेटींचे तास हिशोबात धरू नका, नाहीतर तास वाचवायला लोक टप्पे गाळतात.

निघताना मुलाची नजर चुकवून सटकू नका. रडलं तरी ‘जेवून उठलास की मी येते’ असं सांगून जा. वीस मिनिटांनंतरही सारखं रडतच असेल तर सांभाळणाऱ्याने फोन करायचा. तो फोन कमीपणा मानू नये.

एका वेळी किती मुलं?

एका प्रौढाकडे स्वतःची धरून जास्तीत जास्त ३, त्यात दोन वर्षांखालचं एकच. चौथं आलं तर दुसरा प्रौढ हवा. सण-समारंभाच्या दिवशी हा नियम सैल होतो आणि नेमकं तेव्हाच घरात तळण चालू असतं.

सोबत काय लिहून द्यायचं?

एक पानी चिठ्ठी, दर सहा महिन्यांनी नवी: मुलाचं नाव, जन्मतारीख, वजन, आई-बाबांचे फोन आणि ते न लागल्यास तिसरा, बालरोगतज्ज्ञांचं नाव आणि फोन, जवळचं २४ तास चालणारं रुग्णालय, ॲलर्जी, दमा, आधी कधी आकडी आली आहे का, खाणं, झोप, शी-शूचे शब्द. बाळ ‘मम’ म्हणजे पाणी म्हणत असेल तर तेही लिहा. शेवटी ‘आम्ही न सापडल्यास तातडीच्या उपचारासाठी मुलाला रुग्णालयात न्यायला आमची संमती आहे’ ही ओळ आणि सही.

ताप आला तर सांभाळणाऱ्याने औषध द्यावं का?

पालकाने पाठवलेल्या बाटलीतूनच, चिठ्ठीवर मिलिलिटरमध्ये लिहिलेलं प्रमाण, आणि देण्याआधी फोन. स्वतःच्या घरातली बाटली कधीही वापरायची नाही. याचं कारण आकड्यांत आहे. पॅरासिटामॉलचं एक सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं असतं, दुसरं २५० चं, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. दहा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम सांगितलं असेल तर पहिल्यातून ६ मिलिलिटर, दुसऱ्यातून ३ आणि थेंबांतून फक्त दीड. ‘एक चमचा दे’ या निरोपाने चौपट डोस जाऊ शकतो. दिल्याची वेळ चिठ्ठीवर लगेच लिहा, म्हणजे घरी गेल्यावर दुसऱ्यांदा दिलं जाणार नाही.

आजारी मूल गटात पाठवायचं नाही हे मूळ तत्त्व. ताप, उलट्या, जुलाब थांबून २४ तास झालेले हवेत.

खायला काय चालेल?

शक्यतो घरचा डबा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, पॉपकॉर्न नको. द्राक्षं उभी चिरून. सीताफळ, चिकू, बोर, जांभूळ यांच्या बिया आपण स्वतः काढून मगच द्यायचे. पळता-पळता घास भरवायचा नाही.

घशात अडकलं आणि मुलाला खोकता, रडता येत नसेल तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ५ थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ झटके, आत आणि वरच्या दिशेने. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. त्याच्या पोटावर दाब द्यायचा नाही. आळीपाळीने करत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. हे वाचून येत नाही: वर्षातून एकदा सगळ्यांनी प्रशिक्षकासमोर बाहुलीवर करून बघायला हवं.

तान्हं बाळ ठेवता येईल का?

सहा महिन्यांखालचं शक्यतो नको. ठेवलंच तर झोपवायचं उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, मोहरीची उशी आणि मऊ खेळणी बाजूला काढून. सोफ्यावर छातीशी घेऊन सांभाळणाऱ्याने डुलकी घ्यायची नाही. बाळगुटी, मध, ग्राइप वॉटर, डोळ्यांत काजळ यातलं काहीही पालकाच्या सांगण्याशिवाय नाही, आणि मध तर वर्षाच्या आत कुणाच्याही सांगण्यावरून नाही. आजीचा अनुभव मोठा असला तरी इथे हाच नियम.

भाजलं किंवा आकडी आली तर?

भाजल्यावर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ नाही. आकडी आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हटवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. काही विषारी प्यालं असेल तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा. आधी रुग्णालय, मग पालकांना फोन, हा क्रम सगळ्यांना पाठ हवा.

मोठी ताई सांभाळेल का? तिची दहावी झाली आहे.

मदतीला जरूर, पण जबाबदारी अठरा वर्षांवरच्या माणसाचीच. ताईच्या मदतीचे अर्धे तास धरावेत, तिचं कष्ट फुकट जाऊ नये.

शाळेतून कुणी आणायचं?

शाळेला पालकाने आधी लेखी कळवलेल्या व्यक्तीनेच. शिवाय मुलाशी ठरलेला एक परवलीचा शब्द असावा. तो न सांगणाऱ्याबरोबर, ओळखीचा असला तरी, जायचं नाही. दुचाकीवर नको. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर पट्टा आणि हेल्मेट बंधनकारक आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. सांभाळणाऱ्याकडे ही सामग्री क्वचितच असते.

मुलांना काय सांगून ठेवायचं?

शरीराच्या अवयवांची खरी नावं. अंघोळीला किंवा शी धुवायला कोण मदत करू शकतं त्यांची नावं, बाकी कुणी नाही. गुपित ठेवायचं नाही: वाढदिवसाची भेट ही गंमत, ती नंतर सगळ्यांना कळते, ‘आईला सांगू नकोस’ असं कुणी म्हणालं तर ते आईलाच सांगायचं. आणि नको असेल तर पापी द्यावी लागत नाही, आजोबांनाही. घरी आल्यावर ‘त्रास नाही ना दिलास?’ हा पहिला प्रश्न नको, त्याने मूल गप्प होतं. ‘काय काय खेळलात? काही आवडलं नाही का?’ असं विचारा.

गटाचा नियम: मूल असताना खोलीचं दार उघडं, आणि पालक न कळवता कधीही येऊ शकतात. या दोन गोष्टींना जो आक्षेप घेईल त्याच्याकडे मूल ठेवू नका.

शंका आली तर?

मूल काही सांगत असेल तर शांतपणे ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, उलटतपासणी करू नका, ज्याच्यावर शंका आहे त्याला विचारायला जाऊ नका. १०९८ ही बालमदत वाहिनी, ११२ पोलीस. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलेल्या किंवा होण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. सोसायटीच्या बैठकीत बसून ‘आपसात मिटवणं’ हा पर्याय कायद्यात नाही आणि माणुसकीतही नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकारी आणि गणवेशाशिवाय घेते. मुलाची ओळख उघड करण्यास कलम २३ ची मनाई आहे, म्हणून व्हॉट्सॲपवर एक अक्षरही नको.

तासांचा भाव कसा ठरवायचा?

एका मुलाला तासाला १ तास, भावंड असेल तर आणखी अर्धा. दोन भावंडं शनिवारी ६ ते ९:३० ठेवली तर साडेतीन गुणिले दीड, म्हणजे सव्वापाच तास. रात्री ११ नंतर दीडपट. न्यायला पंधरा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर पुढचा वेळ दुप्पट. जेवण घातलं तर वेगळा हिशोब नको, एवढं बारीक मोजू लागलात की शेजारपण संपतं.

प्रत्येक खातं शून्यावर सुरू करा आणि उणे १२ पर्यंत जाऊ द्या. दर महिन्याला सगळ्या खात्यांची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर कुठेतरी एकच बाजू लिहिली गेली आहे. हिशोब आणि पडताळणी हेही काम आहे. १६ कुटुंबांकडून महिन्याला अर्धा-अर्धा तास घेतला तर ८ तास होतात: ४ हिशोबनिसाला, पडताळणी करणाऱ्या दोघांना प्रत्येकी २.

सगळे तास जमवून बसलेत, कुणी खर्चच करत नाही.

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागातल्या अशाच गटात १९७० च्या दशकात हे घडलं. साधारण दीडशे जोडपी होती आणि अर्ध्या तासाची कुपनं चालत. कुपनं कमी पडू लागली तशी लोकांनी ती अडीअडचणीसाठी राखून ठेवली, कुणी बाहेर जाईना, म्हणून कुणाला कमावताही येईना. जास्त कुपनं काढल्यावर गाडी चालू झाली. पुढे कुपनं इतकी वाढली की सांभाळायला माणूस मिळेना. तुमच्याकडे उणे मर्यादा ४ सारखी तोकडी असेल तर हेच होईल. ती वाढवा, आणि अधिक २० च्या पुढचे तास नोंदू नका.

एक कुटुंब कायम उणे आहे. दबाव आणावा का?

सांभाळण्यासाठी कधीच नाही. तास फेडायचे म्हणून कुणी तापात, झोप अपुरी असताना किंवा मनाविरुद्ध मूल घेतलं तर धोका मुलाला. एकट्या आईला, बाळंतिणीला, आजारी माणूस घरात असलेल्यांना फेडीचे दुसरे मार्ग द्या: हिशोब लिहिणं, संदर्भांना फोन करणं, खेळणी धुणं, प्रथमोपचाराचा वर्ग जमवणं. त्याचप्रमाणे कुठल्याही कुटुंबाला एखाद्या घराला कारण न देता ‘नाही’ म्हणता यावं. हिशोबनिसाने ती गोष्ट स्वतःपाशी ठेवावी. पण एकाच घराला तीन कुटुंबांनी नाही म्हटलं तर पडताळणी करणाऱ्यांनी तिघांशी वेगवेगळं बोलायला हवं.

फोटो टाकले तर चालतील?

फक्त त्या मुलाच्या पालकांना, थेट. गटावर किंवा स्टेटसला नाही. अंघोळीचे किंवा उघड्या अंगाचे फोटो काढायचेच नाहीत.

सोडून जाताना हिशोब कसा मिटवायचा?

एक महिना आधी कळवा. शिल्लक तास दुसऱ्या कुटुंबाला द्या, बाळंतिणीला दिलेत तर उत्तम. उणे असतील तर त्या महिन्यात जमेल तेवढे फेडा, उरलेले गटाने सगळ्यांत वाटून घ्यावेत. १५ कुटुंबं राहिली आणि ६ तास उणे असतील तर प्रत्येकाच्या खात्यातून २४ मिनिटं जातात. पैसे मागू नका. मुलाची चिठ्ठी परत द्या, शाळेतलं ‘नेणाऱ्यांच्या’ यादीतलं नाव कमी करायला सांगा, परवलीचा शब्द बदला.